थोरल्याची रायफल

मूळचे आम्ही इचलकरंजीचे. वडील पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर, आणि घरात आम्ही दोघं भाऊ, मी विलास थोरला आणि प्रशांत धाकटा. आता तुम्ही लिहून घेताय तर आधीच एक सांगून टाकतो, माझा या भावावर लई जीव आहे, आणि त्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. दोन्ही खरं आहे, त्यातलं एकच लिहू नका. लहानपणी चिंचा पाडायला जायचो तर मी दगडावर दगड मारायचो, पाला पडायचा, आणि हा मागनं नाक ओढत यायचा, एक दगड मारायचा की चिंच खाली. आई म्हणायची, पशाचा नेम बघा. पशाचा नेम, पशाचं अक्षर, पशाचं गणित. आणि माझं काय, तर विलास कामाचा आहे. कामाचा आहे म्हणजे काय सांगू तुम्हाला, दळण आण, रॉकेलच्या लाइनीत उभा रहा.

मी डिप्लोमा केला, मग भोसरीत टूलरूमला लागलो. टूलरूम म्हणजे जिथं साचे बनवतात, केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक झाला तरी पीस भंगारात, असलं काम. तिथं माझं नाव होतं बरं का. तिथनं मग इकडं ख्राइस्टचर्चला शिकायला म्हणून आलो, वय झालं होतं, वर्गात पोरं मला अंकल म्हणायची, पण भूकंपानंतर गाव नवीन बांधत होते, हाताला काम होतं, एका वर्कशॉपमधे चिकटलो, रेसिडेन्सी झाली, मनीषा आली, सई इथंच झाली. सगळं खालनं वर, एकेक पायरी. आणि प्रशांत कसा आला? पुण्यातनं, आयटीत, घरबसल्या इंटरव्ह्यू दिला आणि विमानात बसला. एअरपोर्टवर न्यायला कोण, तर मीच. थंडीत त्याच्यासाठी जाकीट घेऊन उभा होतो. आला आणि म्हणतो कसा, दादा किती स्वच्छ हवा आहे रे इथं. अरे, मला आलो तेव्हा हवा बघायला वेळ नव्हता. दोन वर्षांत त्यानं गावाबाहेरच्या नव्या वस्तीत घर घेतलं, गॅरेजमधे दोन गाड्या बसतात. माझ्या गॅरेजमधे एक बसते, ती पण आरसे मिटल्यावर.

तर रायफल. आता तुम्ही म्हणाल हा कुठं बंदुकीकडं वळला, पण इथं ते तसं नाही. इथं ससा म्हणजे गोंडस काही नाही, कीड आहे. मेंढ्यांचं गवत खातो, डोंगर पोखरतो, शेतकरी हात जोडतात की या आणि मारा. आमच्या वर्कशॉपमधला एकजण मला घेऊन गेला आणि मला ते आवडलं, शांत असतं, लांब बघायचं असतं, आणि मुख्य म्हणजे मोजमापाचं काम आहे. मग लायसन काढलं. त्यासाठी कोर्स असतो, परीक्षा असते, आणि घरी माणूस येऊन बायकोला वेगळं बसवून विचारतो, यांना राग येतो का, भांडतात का. मनीषानं सांगितलं, नो सर, नो अँगर. तो गेल्यावर मला म्हणाली, रागाचंच विचारलं म्हणून बरं, हेव्याचं विचारलं असतं तर तुमचं लायसन गेलंच होतं.

आणि मी लायसन काढलं की प्रशांतनं काढलंच. दादा, मी पण येतो. आला. एकाच दिवशी, एकाच दुकानातनं, एकच मॉडेल, दोघांनी घेतलं. जाड नळीची फॅक्टरी रायफल, म्हणजे खोक्यातनं निघते तशी, कुणी खास हातानं बनवलेली नव्हे. याला इंग्रजीत व्हार्मिंट रायफल म्हणतात, उपद्रवी बारकी जनावरं लांबनं टिपायची म्हणून नळी जाड, तापली तरी लवकर वाकडं वागत नाही. वरची दुर्बीण पण दोघांची सारखीच. दुकानदारानं दोन खोकी काउंटरवर ठेवली, आणि मी थोरला म्हणून प्रशांत म्हणाला, दादा तू आधी उचल. मी डावीकडचं उचललं. पुढं सगळं वर्ष मला एकच वाटत राहिलं, उजवीकडचं उचलायला पाहिजे होतं.

कारण नेमबाजीच्या क्लबच्या रेंजवर, म्हणजे गोळ्या मारायच्या मैदानावर गेलो आणि शंभर मीटरवर कागद लावले. मी मारलं, गोळ्या पुरीएवढ्या जागेत पसरल्या. पुरी म्हणजे आपली पाणीपुरीची नव्हे, जेवणातली पुरी. आणि शेजारी त्यानं मारलं तर पाचही गोळ्या एकात एक, चिंचोक्याएवढं एकच भोक. तो कागद हातात घेऊन म्हणतो, दादा हे बरोबर आहे का रे, का काही चुकलं? खरंच विचारत होता बरं का, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आता यात नुसता कागदाचा प्रश्न असता तर मी गिळला असता. पण तिथं रॉस होता. रॉस म्हणजे उत्तरेकडं ज्याचा मेंढ्यांचा फार्म आहे तो म्हातारा, क्लबचाच मेंबर. त्याच्या फार्मवर ससे हीप्स, म्हणजे ढिगानं, पण त्याचा एक नियम होता. शंभर मीटरवर दोन डॉलरच्या नाण्याखाली सगळ्या गोळ्या झाकल्या गेल्या पाहिजेत, तर माझ्या जमिनीवर बंदूक चालवायची. कारण अर्धवट लागलेला ससा बिळात जाऊन तडफडतो, ते मला चालत नाही म्हणाला. रास्त आहे. प्रशांत पहिल्याच दिवशी पास. आणि मला रॉस म्हणतो, नो वरीज मेट, तू यूट चालव. यूट म्हणजे मागं उघडा हौदा असलेली शेतावरची गाडी. म्हणजे झालं काय, दर शनिवारी पहाटे थोरला भाऊ गाडी चालवणार, शेजारी रॉस बसणार, मागं धाकटा. रॉस म्हणाला थांब की मी थांबायचं, प्रशांत खाली उतरणार, गवतावर चटई टाकून आडवा होणार, ठप्प, आणि मी जाऊन ससा उचलून आणायचा. ड्रायव्हर मीच आणि हमाल पण मीच. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, पशानं किती मारले रे? मी म्हणलं मोजले नाहीत.

मग मी त्या रायफलीच्या मागं लागलो. अहो, माझं आयुष्य मशीनला सरळ करण्यात गेलंय, आणि माझीच वस्तू वाकडी मारते म्हणजे काय? नळी आतनं घासून गोळ्यांमुळं चढलेला तांब्याचा थर काढला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या मारून बघितल्या, कुठली मानवते ते. सगळे स्क्रू एकाच ताकदीनं आवळायचा पाना वर्कशॉपमधनं आणला. ट्रिगर जड होता, तो गनस्मिथकडनं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडनं, हलका करून घेतला. थोडा फरक पडायचा, पण पुरी ती पुरीच, फार तर तेल कमी झालं म्हणा.

मग म्हणलं आता बेडिंग करायचं. बेडिंग म्हणजे रायफलीची लोखंडी बाजू लाकडात बसते ना, तिथं ती हलू नये म्हणून मधे इपॉक्सी भरून पक्की बैठक करायची. हे माझंच काम. रविवारी गॅरेजमधे बसलो, मेणपॉलिश लावलं, इपॉक्सी कालवलं, आणि बघतो तर पुढं नळीच्या खाली लाकडात लांबलचक फट. आता तुम्हाला काय सांगू, टूलरूमच्या माणसाला फट म्हणजे शिवी आहे. भोसरीत आमचा फोरमन फटीत नख घालून बघायचा आणि नख शिरलं की पीस तोंडावर फेकायचा. मी म्हणलं, सापडला चोर! ही फट आहे म्हणून मारत नाही. भरून काढली की सगळी. पार पुढच्या टोकापर्यंत, असली गुळगुळीत की मनीषाला बोलावून दाखवली. ती म्हणाली छान झाली, पण भाऊजींच्या रायफलीला फट नाही का? मी म्हणलं आहे, म्हणून तर आता बघच.

रेंजवर गेलो. पहिली गोळी बरी, दुसरी वर, तिसरी त्याच्या वर, नळी तापेल तशा गोळ्या जिना चढायला लागल्या. शेवटची कागदाबाहेर. रॉस आला, खिशातनं कागदाची पट्टी काढली, नळी आणि लाकडाच्या मधनं सरकवायला गेला, जाईना. माझ्याकडं बघितलं. मेट, व्हेअर्स द गॅप? मी मोठ्या अभिमानानं म्हणलं, आय फिल्ड इट. तो म्हातारा असा हसला की त्याला खोकला लागला. मग समजावून सांगितलं, गोळी सुटताना नळी थरथरते, तिला हवेत मोकळं सोडायचं असतं, म्हणून फॅक्टरीनं फट मुद्दाम ठेवलेली. म्हणजे वीस वर्षं जे पुण्य कमावलं तेच इथं पाप निघालं. पुढचा रविवार बसून माझं तेच सुंदर काम मीच पॉलिशपेपरनं खरवडून काढलं. सई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, पप्पा, जस्ट आस्क काका. मी म्हणलं, काकाला यातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, बट ही हिट्स इट. हिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीत देते, आणि ते वर्मी लागतं.

पण खरवडल्यावर फरक पडला हे कबूल केलं पाहिजे. पुरीचा पेढा झाला. रॉसचं नाणं ठेवलं की कडेनं एखादं भोक अजून डोकावायचं, पण जवळ आलतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं हत्यारांची पूजा असते, थोरल्याचं घर म्हणून प्रशांत त्याची रायफल घेऊन आला. दोन्हीचे बोल्ट, म्हणजे नळी मागनं बंद करणारे दांडे, काढून पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या, बाजूला माझा मायक्रोमीटर आणि त्याचा लॅपटॉप. मनीषानं हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. मी बघतोय तर त्याच्या रायफलीवरचं फूल मोठं. मी हळूच म्हणलं, तिकडं मोठं का वाहिलंस? ती म्हणाली, अहो, पिशवीतनं हाताला आलं ते वाहिलं, आता फुलं पण मोजून आणू का! प्रशांत हसला आणि फुलं उचलून अदलाबदल केली. झालं तुझं समाधान, दादा? मला तर अजून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एक दिवस रेंजवर तो म्हणाला, दादा, तुझी मी मारून बघू का? इतके दिवस मी त्याला हात लावू दिला नव्हता. नाही कसं म्हणणार? आडवा झाला. पाच गोळ्या. दुर्बिणीतनं बघितलं, आणि काय सांगू तुम्हाला, त्याच्या स्वतःच्या रायफलीपेक्षा बारीक! चिंचोका पण नाही, मसुराएवढं. तो उठून मला मिठी मारायला लागला, अरे दादा काय केलंयस तू हिला, लोण्यासारखी चालते, माझी पण करून दे. मला आनंद झाला, खरंच झाला, माझ्या हातचं काम होतं ते, आणि त्याच क्षणी मी त्याच्या मिठीतनं अंग काढून घेतलं. कारण रायफल सरळ होती. म्हणजे वाकडा कोण राहिला, सांगा.

घरी येऊन मी रायफल पुसून कपाटात ठेवली. पण मनीषाला कळलंच असणार, कारण पुढच्या रविवारी ती डब्यात थालीपीठं घेऊन रेंजवर आली. तिला बंदुकीत काडीचा रस नाही. कानावर ते आवाज अडवायचे हेडफोन लावून मागच्या बाकावर बसली, आणि कागदाकडं नाही बघितलं, माझ्याकडंच बघत राहिली. परत येताना गाडीत म्हणाली, एक सांगू का, रागावणार नसाल तर. मी म्हणलं सांग. म्हणाली, तुम्ही ट्रिगर दाबता ना, तेव्हा गोळी सुटायच्या आधीच तुमची मान उचलते. मी म्हणलं, ती गोळी कुठं लागली बघायला उचलते. ती म्हणाली, नाही हो, तुमच्या कागदाकडं वळत नाही. भाऊजींच्या कागदाकडं वळते.

मी गाडी बाजूला घेतली. कुठंतरी डेअरीसमोर, इथं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. ती पुढं म्हणाली, आईंचा फोन आला आणि भाऊजींचा विषय निघाला की अशीच वळते, जेवताना पण वळते, आज ती बंदुकीपाशी बघितली एवढंच. वर्षभर मी त्या रायफलीतनं कण कण चूक काढली, आणि चूक माझ्या गळ्याच्या वर बसली होती. तिला कसला पाना लावणार?

मग मी एक केलं. वर्कशॉपमधनं एका बुधवारी सुट्टी घेतली आणि रॉसला फोन केला, म्हणलं नियमाची परीक्षा द्यायचीय, प्रशांतला सांगू नको. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही. रेंजवर आम्ही दोघंच. शेजारच्या जागेवर कुणी नाही, कागद नाही, नुसतं गवत. आडवा झालो, गाल लाकडाला टेकवला. मान उचलली नाही, कारण उचलून बघायचं काय? रॉसनं जाऊन नाणं ठेवलं आणि लांबनं अंगठा दाखवला. एकही भोक बाहेर नाही. अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. या वयात, सशाच्या परीक्षेसाठी.

त्या शनिवारी पहाटे फार्मवर रॉसनं जाहीर करून टाकलं, आज विलास शूटर. मी प्रशांतच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी जरा उतरेल. आणि तो काय करतो, टाळ्या वाजवतो! दादा, झकास, म्हणत मला उचलायला बघतो. आणि मग यूटची किल्ली घेतली आणि म्हणतो, बरं झालं बाबा, त्या गारठ्यात आडवं पडून माझी कंबर गेली होती. सरळ जाऊन गरम सीटवर बसला.

निघालो. मी मागच्या सीटवर, रिकामी रायफल मांडीवर. पुढं ते दोघं. डोंगराच्या कडेला रॉस म्हणाला थांब. मी उतरलो, दहिवर पडलं होतं, गवत पांढरं झालं होतं, त्यावर चटई टाकून आडवा झालो, कोपरं बधिर. समोर उतारावर ससा, कान उभे, असा बसलेला की चित्र काढावं. गोळी भरली, गाल टेकवला, श्वास सोडला, आणि मागं गाडीत कुणीतरी हसलं. प्रशांत आणि रॉस. काच थोडी खाली होती. थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला, कॉफीचा वास आला. रॉस त्याला कसलीतरी गोष्ट सांगत होता, त्याच्या बापाची, या फार्मची, कधीची तरी. मी वर्षभर त्याच सीटवर बसलो, मला पण त्यानं कॉफी दिली असणार, गोष्टी सांगितल्या असणार, पण मी आरशातनं मागच्या बंदुकीकडं बघत होतो, मला त्यातली एक आठवत नाही. आणि याला पहिल्याच दिवशी रॉस म्हणतो, सन, म्हणजे पोरा, तू ड्रायव्हर म्हणून फारच भारी आहेस.

मान उचलली माझी. गोळी कुठं गेली देवाला ठाऊक, ससा आरामात उठला आणि बिळात गेला. प्रशांतनं काचेतनं डोकं काढून विचारलं, दादा, लागला का? मी म्हणलं, वारं होतं. वारं कुठलं, पान हलत नव्हतं.

आता पाळी लावलीय आम्ही, एक शनिवार तो, एक शनिवार मी. मी मारायला बसलो की मला गाडीत बसावं वाटतं, आणि गाडीत बसलो की बंदुकीपाशी. मनीषा म्हणते, जाऊ द्या हो, स्वभाव आहे. प्रशांत परवा म्हणत होता, ब्रिस्बेनला मोठी नोकरी लागायची शक्यता आहे, दादा काय करू? मी म्हणलं घे की, तुझं भलं होत असेल तर घे. देवानं त्याला उदंड द्यावं, मनापासनं म्हणतो, लिहा तसं. आणि तो गेला तर माझ्या गोळ्या सगळ्या नाण्याखाली बसतील, हे मला पक्कं माहीत आहे. त्या दिवसापासनं मला झोप नाही.